खाण तशी माती? आधी पोरं बघा

पुण्यात रेसकोर्सजवळ वाढलो, त्यामुळे घोड्यातलं कळतं अशी घमेंड होती. व्हर्जिनियातल्या एका शो-हंटर (उड्या मारतानाची घोड्याची ढब जोखणाऱ्या स्पर्धांच्या) तबेल्यात लागलो आणि पहिल्याच वर्षी मालकीणबाईंना गळ घालून एका स्टॅलियनचं, म्हणजे पैदाशीच्या घोड्याचं, सीमेन मागवलं. का? व्हिडिओत झकास दिसत होता. सारंगखेड्याच्या बाजारात देवमण (शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा) बघून भुलतात, त्यातलाच प्रकार. अकरा महिन्यांनी देखणं शिंगरू झालं, पण दुडकी चालताना गुडघा छातीपर्यंत! ड्रेसाजला, म्हणजे कवायतीसारख्या चालींच्या स्पर्धेला, ठीक. हंटरची चाल जमिनीलगत, लांब ढांगेची लागते.

रेसमध्ये कोण आधी पोचलं ते डोळ्यांना दिसतं. इथे उडीची ढब, चाल, शांतपणा बघून पंच शंभरपैकी गुण देतात. शिवाय पोरं पाच-सहा वर्षांची होऊन उड्यांच्या वर्गात उतरेपर्यंत बाप कळतच नाही.

मग मी पोरांच्या नोंदींची वही केली. १८५३ पासून भरणाऱ्या अपरव्हिलच्या शोमध्ये कुंपणाला टेकून एकाच स्टॅलियनची सहा पोरं पाहिली. वळताना घोड्याने आघाडीचे पाय, पुढचा-मागचा, एकदमच बदलायचे असतात. डावीकडे वळताना चौघांचं तेच: पुढचा पाय बदलला, मागचा दोन ढांगा उशिरा. चौघांच्या आया वेगळ्या, स्वारही वेगळे. खोड बापाची, दुसरं काय!

नव्याने या कामात येणाऱ्यांनी स्टॅलियनांच्या वार्षिक यादीतला पहिला नंबर बघून हुरळू नये. दोनशे पोरं असलेला घोडा वर येणारच. त्यातली रिंगणात किती उतरली ते विचारा. पट्टीच्या व्यावसायिक स्वाराखाली कुठलाही घोडा शहाणा वाटतो. तोच शनिवार-रविवारी बसणाऱ्या हौशी बाईंना सांभाळून नेतो का, ते बघा. अर्धं श्रेय घोडीचं असतं, ते मात्र जाहिरातीत कधीच नसतं.

नोंदींचीही बोंब. घोडा विकला की नाव बदलतं, बाप हरवतो. डिसेंबर २०१७ पासून बऱ्याच वर्गांत घोड्याला ओळखीची मायक्रोचिप सक्तीची झाली, तेव्हापासून जरा बरं आहे. (उत्तम हंटर बहुधा खच्ची केलेलेच असतात, म्हणजे त्यांचा वंश तिथेच संपला. याची मला अजून हळहळ वाटते.)

हल्ली स्टॅलियनच्या मालकांना मी एकच विचारतो: याचं सगळ्यात वाईट पोर कुठे बघायला मिळेल? एकीने फोन आपटला. दुसरी हसली, तबेल्याचा पत्ता दिला. यंदा सीमेन तिच्याकडून मागवलंय.