कोणतं अँटासिड आधी अ‍ॅसिड मारतं? घरीच बघा

जांभळा कोबी चिरून गरम पाण्यात 10 मिनिटं ठेवा, गाळा, झालं इंडिकेटर (अ‍ॅसिड आहे की नाही ते रंग बदलून दाखवणारं पाणी). एकसारख्या ग्लासांत अर्धा कप पाणी, एक चमचा व्हिनेगर अन थोडं कोबीचं पाणी, रंग गुलाबी होतो. आता एकात 1 ग्रॅम खायचा सोडा, दुसऱ्यात तेवढीच कुटलेली अँटासिड गोळी, तिसऱ्यात तशीच अख्खी, आणि जांभळा-निळा व्हायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजा, ढवळायचं मात्र सगळं सारखंच. सोडा फसफसून पटकन जिंकतो, अख्खी गोळी रखडते, म्हणूनच तर चावून खा म्हणतात. गोळी पांढरीच घ्या, मी गुलाबी घेतली अन रंगाचा पार गोंधळ उडाला 😅 पोटातलं अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, व्हिनेगरपेक्षा जहाल, सेकंद तिथे जुळणार नाहीत.