लेण्यातली ब्राह्मी स्वतः वाचायची असेल तर अशी सुरुवात करा

कुठला धर्म जुना, कोण आधी कोण नंतर, ह्यावर घराघरात वाद चालतात आणि व्हॉट्सॲपवर तर रोजच, पण मला मनापासून वाटतं की त्या वादात पडायच्या आधी प्रत्येकाने दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली निदान एक ओळ स्वतः वाचावी. कुणी सांगितलेली नाही, स्वतः एकेक अक्षर लावून. माझ्या भाच्याने एकदा विचारलं की मामा, बुद्ध होऊन गेला हे आपल्याला कशावरून कळलं, तेव्हा माझ्याकडे पुस्तकी उत्तर होतं पण दाखवायला काही नव्हतं, तिथून मी ब्राह्मी ही जुनी लिपी शिकायला लागलो. आज तो सातवीत आहे आणि लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यातल्या खांबावरचं 'दानं' माझ्याआधी शोधतो.

आधी एक सांगतो, सुरुवात सिंधू संस्कृतीपासून करू नका. मोहेंजोदडो-हडप्प्याचे शिक्के बघायला सुंदर आहेत पण ती लिपी अजून उलगडलेली नाही, त्यामुळे त्या लोकांचा देव कोण, धर्म कोणता हे त्यांच्याच शब्दात आपल्याला माहीत नाही, आणि कोणी छातीठोक सांगत असेल तर तो अंदाज आहे हे लक्षात ठेवा. वेद कितीतरी शतकं तोंडपाठ करून टिकवले गेले, दगडावर नाहीत. सुमेरच्या मातीच्या पाट्या वाचता येतात पण ती लिपी शिकायला वर्षं जातात. ब्राह्मीचं तसं नाही. देवनागरी तिच्यापासूनच आलीय, क ख ग घ तोच क्रम, काना मात्रा वेलांटीची कल्पनाही तीच, म्हणून मराठी माणसाला दोन-तीन रविवार मनापासून दिले तरी ओळखीपुरती जमते.

चौकटीची वही घ्या, गणिताची असते ती. सगळी अक्षरं एकदम पाठ करू नका, कंटाळा येईल. मी भाच्यासाठी खुणा केल्या होत्या त्या देतो. र म्हणजे रेघ, नुसती उभी रेघ. व म्हणजे वांगं, खाली गोल आणि वर देठ. थ मध्ये थेंब, म्हणजे गोल आणि आत ठिपका, आणि थेंब नसला तर तो ठ. ध म्हणजे दोरीसकट धनुष्य. ब म्हणजे बॉक्स, चौकोन. त ला दोन तंगड्या, वरून एक रेघ येते आणि खाली फाकते. ग म्हणजे गवताच्या झोपडीचं छप्पर. क म्हणजे अधिकचं चिन्ह. न म्हणजे आडव्या रेघेवर उभी रेघ, आणि तिच्या डोक्यावरही आडवी रेघ आली की ण. ट म्हणजे आडवी पडलेली टोपली, तोंड उजवीकडे. द म्हणजे मध्ये पोट आलेली उभी रेघ. नुसता इ आला तर तीन ठिपके, ए आला तर त्रिकोण. एवढ्यावर निम्मं काम होतं, बाकीची अक्षरं तक्त्यावरून हळूहळू येतात.

मात्रांचं अजून सोपं. अक्षराच्या डोक्याला उजवीकडे छोटी आडवी रेघ म्हणजे काना. तीच डावीकडे गेली तर ए ची मात्रा. दोन्हीकडे असली तर ओ. उजवीकडे जाऊन वर वळली तर वेलांटी, अक्षराच्या पायाशी रेघ आली तर उकार. अनुस्वार ठिपकाच, आपल्यासारखा. शब्दांमध्ये जागा बऱ्याचदा सोडलेली नसते आणि ह्याचाच नवीन माणसाला सगळ्यात जास्त त्रास होतो, पण त्यावर उपाय आहे.

उपाय म्हणजे 'दानं' हा शब्द. जेम्स प्रिन्सेप नावाचा कलकत्त्याच्या टांकसाळीतला अधिकारी, त्याने १८३७ मध्ये ब्राह्मी उलगडली ती ह्याच शब्दावरून. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावर खूप छोटे छोटे लेख आहेत, त्याच्या लक्षात आलं की बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरं येतात, मग त्याने विचार केला की देवळात लोक काय लिहितात, अमक्याने दिलं, तमक्याचं दान. दोन अक्षरं आणि एक ठिपका, त्यातून अख्खी लिपी उघडली. त्याच्या आदल्या वर्षी लासेन ह्या अभ्यासकाने ग्रीक आणि ब्राह्मी दोन्ही असलेल्या नाण्यावरून काही अक्षरं लावली होती, पण मोठा उलगडा प्रिन्सेपचाच. तुम्हीही तेच करा, लेखात आधी 'दानं' शोधा, बहुतेकदा शेवटाकडे सापडेल, मग उलटं मागे मागे जा. दानाच्या आधी काय दिलं ते, त्याच्या आधी कोणी दिलं ते, आणि त्याच्या आधी तो कुठला.

भाषा संस्कृत नाही, प्राकृत आहे, पण घाबरू नका, संस्कृतपेक्षा ती आपल्याला जवळची आहे. जोडाक्षरं बहुतेक विरघळलेली असतात, पुत्र चा पुत होतो, धर्म चा धंम. नावाच्या शेवटी स आला तर 'चा/ची', म्हणजे यवनस म्हणजे यवनाचा. ना किंवा न आला तर 'ने', सेठिना म्हणजे शेठने. तो आला तर 'हून'. एवढं व्याकरण पहिल्या भेटीला पुरतं, खरंच पुरतं.

आता कार्ल्याला जा. चैत्रात एकवीरेच्या यात्रेला प्रचंड गर्दी असते तेव्हा नको, पावसाळा संपल्यावर साधा वार बघून जा, आणि वेळ नीट निवडा कारण लेख वाचणं म्हणजे निम्मं काम उजेडाचं आहे. मी पहिल्यांदा भर दुपारी बाराला बाहेरच्या सिंहस्तंभासमोर उभा होतो, ऊन सपाट पडलेलं, 'थभो' म्हणजे खांब, त्यातला थ मला ठ दिसला कारण आतला थेंब दिसलाच नाही आणि मी अर्धा तास 'ठभो' म्हणजे काय ह्यात अडकलो. ऊन तिरपं झालं आणि थेंबात सावली भरली तेव्हा शब्द लागला. आतल्या अंधारात टॉर्च समोरून मारू नका, भिंतीला जवळजवळ टेकवल्यासारखा बाजूने धरा, दगडाला न लावता, अक्षरं वर आल्यासारखी दिसतात. फोटो समोरून सरळ काढा, एकदा डावीकडून उजेड देऊन आणि एकदा उजवीकडून, मग घरी मोबाईलवरच ब्लॅक अँड व्हाईट करून कॉन्ट्रास्ट वाढवा.

आणि हे कळकळीने सांगतो, अक्षरं उठावदार दिसावीत म्हणून खडू, पीठ, पाणी, तेल काहीही लावू नका. मी खडूने भरलेली अक्षरं पाहिलीत, आणि भरणाऱ्याने चुकीची भरली की पुढचे सगळे तीच चूक वाचतात. शिवाय संरक्षित स्मारकाला इजा करणं हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. बोटानेसुद्धा गिरवू नका.

सिंहस्तंभावरचा लेख पहिल्या दिवसासाठी उत्तम: 'महारठिस गोतिपुतस अगिमितणकस सिहथभो दानं'. महारठी अग्निमित्रणक, गोतीचा मुलगा, त्याचं सिंहस्तंभाचं दान. महारठी हा शब्द आपल्या जिभेवर किती ओळखीचा वाटतो बघा. मग आत या, चैत्यगृहात म्हणजे स्तूप असलेल्या पूजेच्या दालनात दोन्ही बाजूंना १५-१५ कोरीव खांब आहेत, त्यातल्या काहींवर देणाऱ्यांची नावं आहेत. एका खांबावर 'धेनुकाकटा यवनस सिहधयान थंभो दानं', म्हणजे धेनुकाकट गावच्या सिंहध्वज ह्या यवनाने दिलेला खांब. यवन! म्हणजे ग्रीक वंशाचा किंवा पश्चिमेकडून आलेला माणूस, बौद्ध लेण्याला खांब देतोय. दाराशी धेनुकाकटच्याच एका 'गंधिका'चं दान आहे, अत्तरं आणि सुगंधी माल विकणारा, गांधी हे आडनाव तिथूनच. एका 'वढकि'चं नाव आहे, म्हणजे सुतार, विदर्भात अजून वाढई म्हणतात. आणि ओवरीत सगळ्यात अभिमानाची ओळ, वैजयंतीच्या म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीच्या भूतपाल शेठची, 'सेलघरं परिनिठपितं जंबुदीपम्हि उतमं', हे दगडी घर पूर्ण केलं, जंबुद्वीपात उत्तम. 'घर' तेव्हाही घरच होतं. मी ही ओळ पहिल्यांदा पूर्ण वाचली तेव्हा डोळ्यात पाणी आलं, खोटं नाही सांगत.

आता वाचता वाचता डोळे वर करून एक गोष्ट तपासा. मूळच्या चैत्यात बुद्धाची मूर्ती नाही, पूजेला फक्त स्तूप आहे. दर्शनी भिंतीवर ज्या बुद्धमूर्ती दिसतात त्या काही शतकांनंतर, महायान ह्या नंतरच्या बौद्ध पंथाच्या काळात कोरल्या. धर्म कसा बदलत जातो हे एकाच भिंतीवर दिसतं, पण ते दिसायला आधी कुठलं जुनं आणि कुठलं नंतरचं हे विचारायची सवय लागते.

दुसरा मुक्काम नाणेघाट, जुन्नरकडून कोकणात उतरणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेवर. इथला लेख सातवाहन राणी नागनिकेचा मानतात, साधारण इ.स.पू. पहिल्या शतकाचा, आणि तो मोठा आहे, झिजलाय, त्यामुळे सगळा वाचायचा हट्ट नको. फक्त सुरुवात लावा: नमो ईदस म्हणजे इंद्राला नमस्कार, मग संकंसन-वासुदेव, म्हणजे बलराम आणि कृष्ण, चंद्र-सूर्य, आणि चार लोकपाल यम, वरुन, कुबेर, वासव. पुढे अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची नावं आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, हत्ती, नाण्यांचे आकडे. ही यादी वहीत उतरवा आणि आपल्या देवघराशी ताडून बघा, वासुदेव आहे पण गणपती नाही. आणि इंद्र-वरुण ही जोडी किती लांबून आलीय, तर आजच्या तुर्कस्तानात बोगाझकोयला सापडलेल्या इ.स.पू. १४ व्या शतकातल्या मितान्नी राजाच्या करारात मित्र, वरुण, इंद्र, नासत्य ह्यांना साक्षीला घातलंय. पुण्या-मुंबईकडच्या लोकांना कामशेतजवळ पाल्याचं छोटं लेणंही जवळ पडतं, तिथला लेख 'नमो अरहंतानं' असा सुरू होतो, जैनांच्या नवकार मंत्राची सुरुवात, आणि पुढे 'लेणं' आणि 'पोढि' हे शब्द आहेत. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. लेणं तर आपण आजही लेणंच म्हणतो.

तिसरं नाशिकची पांडवलेणी, पण इथे जाताना वहीत थोडं गणित घेऊन जा. १० नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात ह्याचे लेख आहेत. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे म्हणजे संघटनेकडे २००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेवले, दरमहा शेकडा १ व्याजाने. महिन्याला २०, वर्षाला २४०, आणि लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ चीवरासाठी म्हणजे वस्त्रासाठी, हिशोब अगदी चोख बसतो. वेगळे १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. म्हणजे मुद्दल कायम आणि व्याजावर भिक्षूंचे कपडे, आपल्या फिक्स डिपॉझिटसारखं. आणि हाच माणूस त्याच लेण्यात सांगतो की मी ब्राह्मणांना ३ लाख गाई दिल्या आणि दरवर्षी लाख ब्राह्मण जेवू घालतो. ३ नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, 'एकबम्हण' म्हणजे अद्वितीय ब्राह्मण म्हणते आणि लेणं देते ते बौद्ध भिक्षूंना. इथे जरा थांबा, घाईघाईने आजची लेबलं लावू नका. हे लोक एका हाताने यज्ञ आणि दुसऱ्या हाताने संघ, दोन्हीला देत होते आणि त्यांना त्यात काही अडचण वाटत नव्हती, तसं त्यांनीच लिहून ठेवलंय.

प्रत्येक वेळी आधी स्वतः वाचा, चुकीचं का होईना लिहून काढा, आणि मगच छापील वाचनाशी ताडा. कार्ल्याचे लेख एपिग्राफिया इंडिका ह्या कोरीव लेखांच्या ग्रंथमालेच्या ७ व्या खंडात आणि नाशिकचे ८ व्या खंडात सेनार ह्या फ्रेंच विद्वानाने दिलेत, जुने खंड नेटवर फुकट मिळतात. आधी उत्तर बघितलंत तर डोळ्याला तेच दिसायला लागतं, हे फार वाईट. न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब ठेवा, अंदाजाने भरू नका.

एवढं झालं की अशोकाकडे वळा, त्याची अक्षरं अजून साधी आहेत, कार्ल्यापेक्षा दोन-अडीचशे वर्षं किंवा जास्तच जुनी. सोपाऱ्याला सापडलेला त्याच्या आज्ञेचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, तो आधी बघा, आणि मग लुंबिनीच्या स्तंभाचा ठसा घेऊन बसा, फोटो सहज मिळतो. राज्याभिषेकाला २० वर्षं झाल्यावर अशोक स्वतः तिथे आला आणि त्याने कोरून ठेवलं, 'हिद बुधे जाते सक्यमुनी ति', इथे बुद्ध शाक्यमुनी जन्मला. पूर्वेकडची बोली असल्यामुळे राजा चा 'लाजा' होतो, इथे 'लाजिन' म्हणजे राजाने असं आहे, तिथे र शोधत बसू नका. शेवटी लुंमिनि गावाचा कर माफ केल्याचं आणि आठवा हिस्सा तेवढा ठेवल्याचं लिहिलंय. भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर ह्या ओळीत आहे, आणि ती त्याने स्वतः वाचली, 'हिद' ला तीन वेळा अडखळून.