फ्लशची टाकी गळतेय? आधी गळती ओळखा, मग सामान आणा

फ्लशच्या टाकीतून कमोडमध्ये बारीक धार लागली की दुकानदार सरळ पूर्ण सेट हातात ठेवतो. बरेचदा त्याची गरज नसते. एक रबरी वॉशर बदलून, कधी तो नुसता धुऊनही काम भागतं. इंदुरात नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर पंपाने चढवून आणतात आणि बऱ्याच वस्त्यांत ते एक दिवसाआड येतं. ते रात्रभर कमोडमध्ये वाहून जाऊ देऊ नये.

टाकीत मुख्य भाग दोनच. पाणी आत घेणारा इनलेट वॉल्व, म्हणजे आपला बॉलकॉक, आणि पाणी सोडणारा फ्लश वॉल्व. कोणता बिघडलाय हे कळण्यासाठी टाकी भरू द्या आणि झाकण काढून बघा. पाणी ओव्हरफ्लोच्या नळीत, म्हणजे जादा पाणी कमोडमध्ये सोडणाऱ्या उभ्या नळीत, वरून उतरत असेल तर दोष बॉलकॉकचा. पातळी त्या नळीच्या तोंडाखाली असूनही कमोडमध्ये धार दिसत असेल तर फ्लश वॉल्वचा. धार दिसत नाही पण शंका आहे, तर टाकीत कपड्यांच्या निळीचे आठ-दहा थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये निळसर छटा आली की खालचा वॉशर गळतोय.

गळती मोजताही येते. अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ, बंद करा, टाकीच्या आत पाण्याच्या रेषेवर पेन्सिलने खूण करा आणि तासाभराने बघा. आतून ३५ बाय १५ सेंटिमीटरची टाकी असेल तर एक सेंटिमीटर उतार म्हणजे अर्धा लिटर. दिवसाला १२ लिटर झाले, साधारण बादलीभर.

आता फ्लश वॉल्व. अँगल कॉक बंद करून फ्लश करा, उरलेलं पाणी स्पंजने टिपा. दोन बटणांच्या टाकीत वॉल्वचा उभा भाग बहुधा डावीकडे पाव फेरा फिरवला की उचलून हातात येतो. त्याच्या तळाशी रबराची चपटी रिंग असते, तोच वॉशर. पण तो काढण्याआधी बटणाच्या दांड्या तपासा, कारण इथे हमखास फसगत होते. दांडी जरा लांब राहिली तर झाकण बसवल्यावर ती वॉल्वला सतत किंचित दाबून ठेवते. नवा वॉशर घालूनही गळती तशीच. ओळख सोपी आहे: झाकण काढल्यावर धार थांबते. दांडी फिरवून आखूड करा आणि बटणाला दोन-तीन मिलिमीटर मोकळीक ठेवा.

वॉशर काढलात की बोटांनी दाबून बघा. मऊ असेल आणि नुसते क्षार बसले असतील तर कोमट पाण्याच्या मगात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून तासभर भिजवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. बोरिंगच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत पांढरा थर लवकर साचतो. वॉशर टेकतो त्या कडेवरही बोट फिरवा. खरखर लागली तर घासणीनेच काढा, चाकू लावू नका. प्लास्टिकवर एक ओरखडा पडला की पाण्याला कायमची वाट मिळते. संडास धुण्याचं ॲसिड टाकीत कधीच ओतू नये. वॉशर कडक किंवा फुगलेला असेल तर मात्र बदला. सियागंजच्या बाजारात जाताना जुना वॉशर आणि टाकीवरच्या कंपनीच्या नावाचा फोटो बरोबर न्या, कारण सेरा, हिंदवेअर, पॅरीवेअर यांचे वॉशर एकमेकांत बसतीलच असं नाही.

बॉलकॉक बदलायचा असेल तर आधी टाकीला पाणी खालून येतं की बाजूने ते बघून घ्या. जोडणी बहुतेक अर्ध्या इंचाची असते. जुना वॉल्व आतून एका हाताने धरून ठेवा आणि बाहेरचा नट सोडवा, नाहीतर सगळाच फिरतो. नवा बसवताना रबरी वॉशर टाकीच्या आतल्या बाजूला, नट बाहेर. नट हाताने घट्ट करा आणि पान्याने फार तर पाव फेरा. जास्त आवळलं की चिनी मातीला तडा जातो, आणि मग टाकीच बदलावी लागते. कनेक्शन पाइपच्या टोकाला रबरी वॉशर असतो, तिथे टेफ्लॉन टेप लावू नका. पाइप जोडण्याआधी अँगल कॉक उघडून दोन-तीन लिटर पाणी बादलीत सोडा. लाइनमधली रेती नव्या वॉल्वच्या बारीक भोकात अडकली तर तो पहिल्याच दिवशी बंद होईनासा होतो. पातळी ओव्हरफ्लोच्या तोंडाखाली एक इंच ठेवा.

सर्वांत वरच्या मजल्यावर एक अडचण येते. गच्चीवरची टाकी फ्लशच्या टाकीपेक्षा दोनच मीटर उंच असेल तर दाब फक्त ०.२ बार मिळतो. आत रबरी पडदा (डायफ्राम) असलेले काही वॉल्व एवढ्या दाबावर नीट मिटत नाहीत आणि ठिबकत राहतात. अशा जागी कमी दाबावर चालणारा वॉल्व मागून घ्या. इनलेटच्या तोंडाशी जास्त दाबासाठी दिलेली बारीक भोकाची चकती असेल तर ती काढून टाका. आत जाळी असेल तर ती मात्र राहू द्या.

अँगल कॉकच मिटत नसेल तर गच्चीवरून लाइन बंद करून तो बदला. आट्यांवर टेफ्लॉनचे दहा-बारा वेढे, आटे घट्ट होतात त्याच दिशेने द्या. तोंड सरळ करण्यासाठी उलटा फिरवू नका. टेप फाटतो आणि जोड पाझरतो. पुढे फिरवून जुळत नसेल तर काढून नव्याने टेप लावा. रामबागेसारख्या जुन्या वस्तीत भिंतीत अजून लोखंडी पाइप असेल आणि कॉक हलत नसेल, तर लांब पान्याचा जोर लावू नका. आतला गंजलेला आटा तुटला तर भिंत फोडावी लागते. एवढं एक काम प्लंबरकडे द्या.

शेवटी पाणी सुरू करून प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर फिरवा. लगेच एकदा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. ओल दिसली तर नट आणखी न आवळता सोडवा, वॉशर सरळ बसलाय का बघा आणि परत लावा.