फॅन बेल्टची किरकिर : माझा अनुभव

वडिलांची गाडी १९९८ची. पावसाळ्यात सकाळी स्टार्ट केली की बॉनेटखालून कर्कश किंचाळी, दोन मिनिटांनी शांत. मी महिनाभर दुर्लक्ष केलं. मग खंबाटकी घाटात बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ तापमानाचा काटा वर चढला. या गाडीत फॅन बेल्ट हा एकच पट्टा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) आणि वॉटर पंप (इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवणारा) दोन्ही फिरवतो, त्यामुळे हे दोन्ही एकदम दिसलं की संशय पट्ट्यावरच घ्यावा. गाडी बाजूला घेऊन लगेच बंद केली.

घरी पट्टा उलटा पिळून पाहिला. आतल्या बाजूला आडव्या भेगा, आणि दोन्ही कडा काचेसारख्या गुळगुळीत. व्ही आकाराचा पट्टा पकड घेतो तो कडांनी, तळाने नाही. माझा तर झिजून पुलीच्या खाचेत तळाला टेकला होता. असा पट्टा कितीही ताणा, घसरणारच. साबण, पावडर चोळायचे उपाय कृपया करू नका.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, अल्टरनेटरचे दोन्ही बोल्ट सैल केले, तो इंजिनाकडे ढकलला. जुना पट्टा हातानेच निघाला. नवा चढवून टॉमीने (लोखंडी पहारीने) अल्टरनेटर बाहेर रेटून ताण दिला, पण टॉमी अल्टरनेटरच्या जाड ब्रॅकेटला लावली. अ‍ॅल्युमिनियमच्या कव्हरला लावली तर ते तडकतं. अंगठ्याने दाबल्यावर मधोमध साधारण १० मिमी दबला, तेव्हा बोल्ट आवळले. जास्त ताणला तर बेअरिंग जातात.

नवा पट्टा थोडा सैलावतोच, म्हणून आठवड्याभराने पुन्हा दाबून पाहिला आणि किंचित ताणला. डिकीत आता एक जादा पट्टा आणि १२चा पाना कायम असतो.