श्रमदानाला येताय? मग विळा आणा

पावसाळ्यात रोपं लावून फोटो काढणारे पुष्कळ येतात, आम्हाला माणसं हवी असतात ती उन्हाळ्यात. नाशिकमधल्या सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर देवराईत यायचं तर ऊन चढायच्या आत या; टोपी, विळा, प्यायचं पाणी आपलं आपण. रोपाभोवतीचं गवत काढताना बेतानं. पळसाचं पोर तणात सहज कापलं जातं, तीन-तीन पानं बघून ओळखा. कापलेलं गवत आळ्यातच पसरा, ओल टिकते. बुंध्याला मात्र टेकवू नका. नवीन लावायचं तर काटेसावर, बेहडा, करंज. गिरिपुष्प कितीही छान फुलो, ते परदेशी झाड, नको. पिशवी फाडूनच रोप खड्ड्यात ठेवा (हेही सांगावं लागतं!). वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा (गवत आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे) काढायच्या असतात, त्यासाठी हिवाळ्यातच या.