माँट्रियलमध्ये फ्रेंच येत नसताना कसं निभवायचं: बोलणं राहू दे, पाट्या वाचायला शिका

माँट्रियलला जायचं ठरलं की दोन सल्ले ठरलेले. एक, "अरे सगळ्यांना इंग्लिश येतं, टेन्शन नको घेऊ." दुसरा, "अॅपवर तीन महिने फ्रेंच कर, नाहीतर तुला कोणी विचारणार नाही." दोन्ही बिनकामाचे. डाउनटाउनमध्ये माणसं पटकन इंग्लिशवर येतात, पण पाट्या येत नाहीत. १९७७ च्या बिल १०१ पासून, म्हणजे क्यूबेक प्रांताच्या फ्रेंच भाषा कायद्यापासून, इथे सगळीकडे फ्रेंचचाच मान आहे, आणि खांबापुढे उभं राहून "इंग्लिश प्लीज" म्हणून काही होत नाही. म्हणून माझ्याकडे पाहुणे आले की मी त्यांना बोलायला काहीच शिकवत नाही, वाचायला शिकवतो.

बोलण्याचं एका ओळीत: आत शिरताना "बोंजूर" म्हणा, मग खुशाल इंग्लिश सुरू करा. (दुकानदारांनी "बोंजूर-हाय" ऐवजी नुसतं "बोंजूर" म्हणावं असा ठराव २०१७ मध्ये क्यूबेकच्या विधानसभेने एकमताने केला, तरी "बोंजूर-हाय" अजून सर्रास ऐकू येतं.)

एअरपोर्टवरून ७४७ नंबरची बस पकडा. मेट्रोत रंग आणि शेवटच्या स्टेशनचं नाव बघा, "सॉर्ती" म्हणजे बाहेर. झालं.

आता गाडी. टोरांटोहून येणारी आपली मंडळी इथेच अडकतात. पहिली गोष्ट, माँट्रियल बेटावर लाल सिग्नलला उजवीकडे वळायचं नाही, ओंटारियोची सवय घरी ठेवून या. दुसरी गोष्ट पार्किंग, आणि इथे मात्र नीट लक्ष द्या, कारण मलाही सुरुवातीला यातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि "बाकीच्यांनी लावल्यात ना, मग आपणही लावू" हा जो सल्ला सगळे देतात तो सगळ्यात वाईट, बाकीच्यांकडे त्या गल्लीचा रहिवासी परवाना असतो, तुमच्याकडे नसतो.

एका खांबावर तीन-तीन पाट्या असतात. त्यातली एक सोयीची निवडायची नसते, तिन्ही लागू असतात. प्रत्येक पाटी वेगळी वाचायची आणि एकीनेही "नाही" म्हटलं की विषय संपला. आधी बाण बघा, पाटी खांबाच्या कुठल्या बाजूला लागू आहे ते त्यावरून कळतं. मग वेळ, ती २४ तासांची, मध्ये एच: १८एच म्हणजे संध्याकाळचे सहा. मग वार, आणि खरी गोची इथेच आहे. एम-ए-आर म्हणजे मंगळवार, मार्च नाही. एम-ई-आर बुधवार. जे-ई-यू गुरुवार, व्ही-ई-एन शुक्रवार. मंगळ-बुधमध्ये एका अक्षराचा फरक, आणि रात्री गाडीतून बघताना दोन्ही सारखेच दिसतात, तेव्हा खाली उतरून वाचा. पाटीवर महिने दिले असतील तर ती तेवढ्याच महिन्यांत लागू.

समजा गुरुवारी संध्याकाळी सातला पोचलात. वरची पाटी: मंगळ-शुक्र सकाळी साडेसात ते साडेआठ बंदी, रस्ता झाडायला. खालची: १८एच ते २३एच परवानावाल्यांसाठी राखीव, "व्हिन्येत" शब्द दिसला की हेच समजायचं. म्हणजे आत्ता नाही, रात्री अकरानंतर चालेल, पण शुक्रवारी साडेसातच्या आत गाडी हलवायची. एवढं गणित जमत नसेल तर पैसे देऊन पार्किंग लॉटमध्ये लावा, दंडापेक्षा स्वस्त पडतं. फायर हायड्रंटपासून निदान तीन मीटर लांब लावा, तिथे पाटी नसली तरी. हिवाळ्यात बर्फ उचलायचा असला की नारिंगी तात्पुरत्या पाट्या लागतात, त्या बाकी सगळ्या पाट्यांपेक्षा वरचढ, आणि सायरन ऐकू आला तर जेवण अर्धवट टाकून खाली पळा, टोइंगवाले आलेत.

पत्ता लिहिताना पूर्व-पश्चिम सोडू नका. पूर्व-पश्चिम रस्त्यांचे नंबर सेंट-लॉरेंट बुलेवार्डपासून दोन्हीकडे सुरू होतात, त्यामुळे शेरब्रुक रस्त्यावर १५०० नंबर दोन आहेत, एक "एस्त" एक "वेस्त". आणि पश्चिमेचा शॉर्टफॉर्म डब्ल्यू नाही, ओ. तो शून्य समजू नका.

जेवणात शाकाहारी लोकांनी पुतीन या इथल्या पदार्थावर भुलू नये. बटाटा-चीज दिसतं, पण वरची सॉस बहुतेक ठिकाणी चिकन नाहीतर बीफच्या स्टॉकची असते, "व्हेजी सॉस आहे का" हे इंग्लिशमध्येच सरळ विचारा. मेनूवर "लार" म्हणजे डुकराची चरबी, बीन्समध्येही असते. आणि मेनूतलं "आंत्रे" म्हणजे स्टार्टर, मेन कोर्स समजून मागवाल तर उपाशी राहाल. बिलावर ५ टक्के आणि ९.९७५ टक्के असे दोन टॅक्स लागतात, टिप त्याआधीच्या रकमेवर १५ टक्के.

हे सगळं करून कंटाळा आला तर ब्लू लाइनने पार्क किंवा आकादी स्टेशनला उतरा, पार्क-एक्स्टेन्शनमध्ये देसी हॉटेलं आहेत, तिथे हिंदीतही काम भागतं.