स्तनातलं इम्प्लांट ‘नुसतं काढायचंय’? मग या चुका टाळा

“सिस्टर, घालून घेतलं तेव्हा चौथ्या दिवशी मी ऑफिसात होते. आता तर नुसतं काढायचंय.” प्लास्टिक सर्जरीच्या ड्रेसिंग रूममध्ये हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की ते कानावर पडलं की मी आधी खुर्ची पुढे सरकवते. पुढच्या बहुतेक घोटाळ्यांचं मूळ त्या ‘नुसतं’मध्ये असतं.

इम्प्लांट आत गेलं की शरीर त्याच्याभोवती स्वतःचं एक वेष्टण तयार करतं. त्याला कॅप्सूल म्हणतात. हे प्रत्येकीच्या शरीरात होतं, तो काही आजार नाही. पण काहींच्या बाबतीत वर्षं सरतात तसं ते जाड होतं आणि आवळायला लागतं. कॅप्सूल किती आवळलीय हे सांगणाऱ्या बेकरच्या मोजपट्टीवर चौथ्या, म्हणजे शेवटच्या पायरीला पोचलेला स्तन हाताला कडक लागतो, आकार बिघडतो आणि दुखतोसुद्धा. तोवर वरची त्वचा ताणली गेलेली असते, आतल्या दाबाने स्तनातलं स्वतःचं मांस पातळ झालेलं असतं. इम्प्लांट स्नायूखाली असेल, तर छातीचा मोठा स्नायू खालच्या बाजूने सोडवलेला असतो. घालताना यातलं काहीच नव्हतं. त्यामुळे काढण्याचं ऑपरेशन घालण्यापेक्षा मोठं ठरलं, तर त्यात नवल नाही.

‘एन ब्लॉक’चा हट्ट

हल्ली बऱ्याच जणी सर्जनकडे जातानाच एक शब्द घेऊन जातात. एन ब्लॉक, म्हणजे कॅप्सूल न उघडता इम्प्लांटसकट एकसंध बाहेर काढणं. हा शब्द मुळात कॅन्सरच्या शस्त्रक्रियेतला. इम्प्लांटशी निगडित लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा एक कॅन्सर, ज्याला बीआयए-एएलसीएल म्हणतात, तो असेल तर कॅप्सूल अशी पूर्ण काढणं खरोखरच गरजेचं असतं. एरवी सर्जनपुढे बरेच पर्याय असतात: कॅप्सूल पूर्ण पण तुकड्यांत काढणं, थोडी काढणं, किंवा पातळ आणि निरोगी दिसत असेल तर तशीच ठेवणं.

हट्ट महागात पडतो तो मागच्या बाजूला. स्नायूखालच्या इम्प्लांटची कॅप्सूल कधीकधी थेट बरगड्यांना चिकटलेली असते. ती खरवडून काढायला गेलं, तर फुप्फुसाभोवतीच्या पडद्याला भोक पडू शकतं. चीरही मोठी घ्यावी लागते. बरं, काही जणी ज्यासाठी इम्प्लांट काढतात तो थकवा किंवा ती सांधेदुखी कमी होण्याचा आजवरच्या अभ्यासांत आणि कॅप्सूल किती काढली याचा ठोस संबंध दिसलेला नाही. म्हणून सर्जनला ‘एन ब्लॉक करता का?’ असं विचारू नका. त्याऐवजी हे विचारा: माझं इम्प्लांट स्नायूच्या वर आहे की खाली? स्नायू परत जागेवर शिवणार का? आत सिलिकॉन फुटलंय का, हे आधी एमआरआय किंवा सोनोग्राफीत बघणार का? काढलेली कॅप्सूल पॅथॉलॉजीला पाठवणार का? या चार प्रश्नांच्या उत्तरांतून सर्जन कसा आहे ते बरोबर कळतं.

सूज आली म्हणून घाईघाईत काढणं

ही चूक क्वचित होते, पण वाईट आहे. इम्प्लांट घालून वर्षं लोटल्यावर एका बाजूला अचानक सूज आली, आत पाणी साठलं, तर ‘तसंही काढायचंच होतं’ म्हणून सरळ ऑपरेशनची तारीख घेऊ नका. लिम्फोमाचं सगळ्यांत नेहमीचं लक्षण हेच. आधी सोनोग्राफी करून ते पाणी सुईने काढून तपासायचं असतं आणि त्यात या लिम्फोमाच्या पेशी ओळखणारी सीडी30 ही चाचणी मुद्दाम मागावी लागते. निदान आधी झालं तर ऑपरेशनची आखणीच बदलते. नंतर कळलं, तर पुन्हा टेबलावर जावं लागू शकतं.

याची उलट बाजूही सांगते. हा आजार मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडलेला आहे. 2019 मध्ये ॲलर्गनची बायोसेल जातीची इम्प्लांट्स बाजारातून परत मागवली गेली, तेव्हा काहीही त्रास नसलेल्या बायकासुद्धा घाबरून काढायला धावल्या. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने मात्र लक्षणं नसतील तर काढा असं सांगितलं नव्हतं. तुमच्याकडे इम्प्लांटचं कार्ड असेल, तर त्यावर जात आणि क्रमांक असतो. कार्ड हरवलं असेल, तर जुन्या हॉस्पिटलातून ऑपरेशनची नोंद मागवा. हे काम ऑपरेशनच्या आठवड्यात नाही, महिनाभर आधी करायचं.

सगळं दुखणं इम्प्लांटच्या नावावर टाकणं

थकवा, विसरायला होणं, सांधे दुखणं, केस गळणं या तक्रारींना ‘ब्रेस्ट इम्प्लांट इलनेस’ म्हणतात. हे अधिकृत निदान नाही आणि त्यासाठी कुठली ठराविक रक्तचाचणीही नाही. तरीही काढल्यावर बरं वाटलं, असं सांगणाऱ्या बायका मी पाहिल्यात, अगदी चेहरा बदललेल्या. ‘काही फरक नाही हो’ म्हणणाऱ्याही पाहिल्यात. आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी12, ड जीवनसत्त्व बघून घ्या. एकीचा वर्षभराचा थकवा थायरॉइडचा निघाला, तोही ऑपरेशननंतर.

औषधं आणि तंबाखू लपवणं

निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं आणि ताणलेल्या, पातळ त्वचेला मुळातच रक्त कमी पोचत असतं. सिगारेट, व्हेप, तंबाखू, निकोटीनचा गम किंवा पॅच, काहीही असो, सर्जन सांगेल त्याप्रमाणे चार ते सहा आठवडे आधी बंद. चोरून ओढलेल्या सिगारेटी जखमेच्या काळ्या पडलेल्या कडेवर दिसतात, मग मला विचारावंही लागत नाही. फिश ऑइल, ई जीवनसत्त्व, लसणाच्या गोळ्या ‘औषध थोडीच आहेत’ म्हणून सांगायच्या राहतात. त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. वजन किंवा साखरेसाठी सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन घेत असाल, तर भूलतज्ज्ञांना नक्की सांगा, कारण त्याने उपाशी राहूनही पोट पूर्ण रिकामं झालेलं नसू शकतं. पण हृदयासाठी चालू असलेली ॲस्पिरिन आपल्या मनाने बंद करू नका. तेही डॉक्टरच ठरवतील.

ड्रेनचा फुगा

इथे जरा थांबते, कारण सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो. सगळ्यांनाच ड्रेन लागतो असं नाही, पण कॅप्सूल काढली असेल तर बरेचदा लागतो. काखेच्या खालून एक नळी बाहेर येते आणि तिच्या टोकाला मऊ प्लास्टिकचा फुगा असतो. तो फुगा पाणी साठवायचं भांडं नाही, तो पंप आहे. दाबून चपटा केला तरच आतलं पाणी ओढतो.

एक बाई पाचव्या दिवशी मोठ्या खुशीत आल्या. वही उघडून दाखवली: 40 मिली, 35, मग 10, मग 5. “उतरलं ना छान? आज काढणार ना?” मी त्यांच्या पदराआडचा फुगा बघितला. टम्म! चेंडूसारखा गोल. रोज तो रिकामा करून, स्वच्छ पुसून, झाकण गच्च लावत होत्या. फक्त झाकण लावण्याआधी फुगा दाबायचा, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, किंवा भुलेच्या गुंगीत सांगितलं होतं. पाणी आतच साठत राहिलं आणि डाव्या बाजूला हात ठेवला की डुचमळत होतं.

म्हणून क्रम असा ठेवा: हात धुवा, झाकण उघडा, मापात ओता, आकडा लिहा. मग फुगा मुठीत पूर्ण दाबा आणि दाबलेला असतानाच झाकण लावा. लावल्यावर तो चपटाच राहायला हवा. थोड्या वेळात गोल झाला, तर कुठूनतरी हवा शिरतेय. नळीत रक्ताची गुठळी अडकली असेल, तर एका हाताने नळी त्वचेजवळ घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी फुग्याच्या दिशेने निपटा. वरचा हात सुटला तर टाका ओढला जातो, म्हणून आधी तो धरायचा. दोन्ही बाजूंना ड्रेन असतील तर आकडे वेगवेगळे लिहा. साधारणपणे 24 तासांत 20 ते 30 मिलीच्या खाली आलं की काढायचा विचार होतो, पण आकडा तुमच्या सर्जनचा धरा.

कशासाठी थांबायचं आणि कशासाठी नाही

पहिल्या एकदोन दिवसांत एकच बाजू भराभर सुजली, ताणली, वेदना वाढत गेली आणि ड्रेनमध्ये लालभडक रक्त यायला लागलं, तर ते आत रक्त साठण्याचं लक्षण आहे. बर्फ लावून सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करायचा. ‘डॉक्टरांना एवढ्या रात्री कशाला त्रास’ हा विचार मला सगळ्यांत भीतिदायक वाटतो. श्वास लागणं, छातीत कळ, एकाच पोटरीत दुखणं आणि सूज असेल, तर फोनही नको, थेट इमर्जन्सीत जा. ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर, जखमेभोवती पसरत जाणारी लाली, पू किंवा वास असेल तर त्याच दिवशी दाखवा. दोन्ही बाजूंना सारखी सूज, हिरवट-पिवळे होत जाणारे डाग, मधूनच विजेसारखी सणक, स्तनाग्राजवळचा बधिरपणा, हे बहुतेकदा बरं होण्याच्या वाटेवरचंच असतं. पुढच्या भेटीत सांगितलं तरी चालतं.

बधिरपणावरून आठवलं. छातीवर गरम पाण्याची पिशवी किंवा बर्फाचा पॅक थेट ठेवू नका. त्वचेला काही कळतच नाही, त्यामुळे भाजल्याचं आरशात बघेपर्यंत समजत नाही.

पहिली आंघोळ

अनेक दिवस घट्ट बांधलेली ब्रा पहिल्यांदा सोडली की चक्कर येऊ शकते. त्यात गरम पाण्याची वाफ, रिकामं पोट आणि तोवर न बघितलेली छाती. दार आतून लावू नका, स्टूल ठेवा, बाहेर कोणीतरी उभं असू द्या. पाण्याची धार पाठीवर घ्या, टाक्यांवर नको. ड्रेन असेल तर तो लोंबकळत ठेवू नका, गळ्यात सैल नाडी बांधून तिला अडकवा.

हाताच्या बाबतीत दोन टोकाच्या चुका होतात. एक जण आठव्या दिवशी वरच्या फळीवरचा डबा काढते. दुसरी भीतीने हात छातीशी बांधून महिनाभर बसते आणि खांदा आखडून येते. सर्जन सांगेपर्यंत कोपर खांद्याच्या वर नको आणि दोनतीन किलोंपेक्षा जास्त उचलणं नको. पण केस विंचरणं, खांदे गोल फिरवणं, घरात दर थोड्या वेळाने चालणं पहिल्या दिवसांपासून हवं. झोपताना पाठीमागे उशा रचून अर्धवट बसल्यासारखं. पॅरासिटामॉल घेत असाल, तर दुसऱ्या वेदनाशामक गोळीतही तेच नाही ना, हे पाकिटावर वाचा. गुंगीच्या गोळ्या चालू असेपर्यंत गाडी चालवू नका.

आरशापुढे घाईचे निर्णय

पहिल्या आठवड्यांत छाती सपाट, सुरकुतलेली, कुठे खळगा पडलेली दिसते. रडू येतं आणि ते येऊ द्यावं. निर्णय मात्र तेव्हा घेऊ नयेत. त्वचा आवळायला तीन ते सहा महिने लागतात, व्रण फिका व्हायला वर्ष-दीड वर्ष. ‘लगेच लिफ्ट (ओघळलेला स्तन वर उचलण्याचं ऑपरेशन) करून द्या’ म्हणून दुसऱ्याच महिन्यात आलेली बाई सहाव्या महिन्यात ‘राहू द्या’ म्हणते, हे मी बघितलंय. त्याच ऑपरेशनात लिफ्ट करायची की नंतर, हे मुळात त्वचा किती उरलीय आणि स्तनाग्राला रक्त कसं पोचतंय यावर ठरतं, आणि तो विषय आधीच्या भेटीत बोलायचा.

आणखी एक. ऑपरेशननंतर दोनतीन महिन्यांनी केस मूठमूठ गळू शकतात. ‘विष बाहेर पडतंय’ म्हणून शरीरशुद्धीचे काढे, पावडरी सुरू होतात. ते विष नाही. मोठ्या ऑपरेशनचा आणि भुलेचा शरीराला बसलेला तो धक्का आहे, आणि बहुतेकींचे केस काही महिन्यांत परत येतात. काढे घेऊन यकृताला मात्र नवं काम लागतं.

फाइलमध्ये तीन कागद जपून ठेवा: ऑपरेशनची नोंद, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि काढलेल्या इम्प्लांटचा क्रमांक. पुढे कधी मॅमोग्राफीला गेलात, तर इम्प्लांट होतं आणि अमुक साली काढलं, हे तंत्रज्ञाला आधी सांगा. आतले जुने व्रण, कॅल्शियमचे ठिपके किंवा काखेतल्या गाठीत उरलेलं सिलिकॉन बघणाऱ्याला चकवू शकतं, आणि न सांगितलेल्या एका वाक्यापायी विनाकारण सुई टोचून घ्यावी लागू शकते.